बारागाड्यांच्या गाठी

२० मार्च, शुक्रवार

विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये, हितेंद्र अडीच महिन्यांचा असताना, एका रविवारी सकाळी यांनी छताच्या कडीला पाळण्याचा दोर बांधला होता. मी पोहे परतता परतता पाहत होते. गाठ मारून झाली तरी त्यांनी बाळाला उचललं नाही. स्वतःच पाय वर घेऊन दोराला लोंबकळले, चांगलं मिनिटभर. "आधी बोसन, मग बाळ," म्हणाले. शेजारच्या केरळी बाई दारातून पाहून हसत सुटल्या, मीही हसले, आणि पोहे खाली लागले. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही. चाळीस वर्षं झाली. काल मंदिराच्या ओट्यावर कौतिक भाऊजी जे बोलले ते ऐकताना मला तो रविवारच का आठवला कोण जाणे.

नवी वही आहे म्हणून नीट लिहिते. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, रोजनिशी अशी लिहा की परक्यालाही कळेल, आणि रागात लिहिलेलं खोडू नका. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पण भांडण मला मराठीतच लिहिता येतं.

हे, म्हणजे प्रेमराज पाटील, एकतीस वर्षं नेव्हीत होते. अठराव्या वर्षी साधे खलाशी म्हणून गेले आणि बोसन होऊन परतले. डेकवरचं सगळं काम बोसनच्या हाताखाली: दोर, नांगर, बोटी उतरवणं-चढवणं, रंगकाम, आणि कॅप्टन जहाजावर पाऊल ठेवताना वाजवायची चांदीची शिट्टी. निवृत्तीनंतर आम्ही धुळ्याला देवपुरात राहिलो. दोन वर्षांपूर्वी यांना एकाएकी गाव हवंसं झालं. घर हितेंद्रवर सोपवून चोपड्यापलीकडच्या या गावी आलो. उन्हाळा त्रेचाळीस अंशांचा आणि पाणी म्हणाल तर केळीच्या ठिबकमधलं तेवढं.

गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरावाच्या बारागाड्या असतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं बसतात, आणि देवाचा भगत एकटा त्या ओढतो. गाड्या एकमेकींना दोराने बांधण्याचा मान आमच्या घराण्याचा. घरातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषाने बांधायचं. इतकी वर्षं यांचे चुलते सुकदेवआबा बांधत. मार्गशीर्षात आबा गेले. आता थोरले हेच. यात बोलण्यासारखं काय आहे?

पण आबांचा मुलगा कौतिक काल सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हाई काम दादाले देवू नका."

कारण विचारलं तर सांगेना. खाली पाहत राहिला. हे समोरच बसले होते. ज्या माणसाच्या एका शिट्टीवर दोनशे खलाशी जागच्या जागी थांबत, त्याला केळीवाल्या चुलतभावाने "देवू नका" म्हणावं. मी रात्री जेवले नाही.

२४ मार्च, मंगळवार

कमलबाई आली होती. कौतिकची बायको, माझी जाऊ. हातात पिशवी. आत तीन पायजमे, घरी शिवलेले.

"अक्का, दादासाठे. रबरना शेतस. घालाले-काढाले सोपा."

मी म्हटलं, "आमच्याकडे पायजमे नाहीत असं कोण म्हणालं तुला?"

"तसं नही अक्का. गर्मी शे म्हनीसन..."

"गर्मीचा आणि रबराचा काय संबंध?"

ती पिशवी ठेवून निघून गेली. नवरा मान काढून घेतो आणि बायको लहान मुलाचे कपडे पाठवते. पिशवी कोठीघरात टाकली.

२९ मार्च, रविवार

आज मीच गेले कौतिकच्या शेतात. घड उतरवण्याचं काम चाललं होतं. मजूर बाया होत्या, म्हणून मी आवाज चढवणार नव्हते, पण चढला.

"भाऊजी, एकदा काय ते स्पष्ट सांगा. तुम्हाला स्वतःला बांधायचंय ना?"

"वहिनी, माले कारण इचारू नका. मी सांगाव नही."

"म्हणजे कारणच नाही."

"तुमना दोर समुद्रना, आमना मातीना. असं समजी ल्या."

बाया हसल्या. मी म्हटलं, "समुद्रावरचा दोर डोंगराएवढं जहाज धरून ठेवतो. तुमच्या मातीतल्या दोराने दिवाळीत साधा गोऱ्हा धरवला नाही. तुमच्याच हातून सुटला ना? रात्रभर कोणाची केळी तुडवली त्याने?"

त्याने डोक्याचं फडकं सोडून परत बांधलं. मग म्हणाला, "हां. मनाच हातथीन सुटना."

परतताना मला बरं वाटत होतं. ते लिहिते, कारण खोडायचं नाही असं ठरलंय.

२ एप्रिल, गुरुवार

गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली दोराचे तुकडे. वीतभर-दीडवीतभर, बावीस मोजले. प्रत्येकात एक फास सुरू केलेला आणि मध्येच सोडलेला. पाळण्याला मारली होती तीच गाठ. काहींची टोकं पिंजून गेलेली. हे कसं चालवून घेतलं यांनी? बोसनच्या राज्यात दोराचं प्रत्येक टोक सुतळीने घट्ट गुंडाळलेलं असतं. मोकळं टोक म्हणजे खलाशाची लाज, असं हेच म्हणत आलेत.

मला हसू आलं आणि मायाही. एकोणसत्तराव्या वर्षी चोरून सराव! आखाजीची तयारी चाललीय तर. मी तुकडे होते तसे परत ठेवले. त्यांना कळू दिलं नाही.

७ एप्रिल, मंगळवार

जिंकले.

आज यात्रा कमिटीची बैठक. बायका ओट्याखाली बसतात. मी वर जाऊन बसले. यांचं सेवापुस्तक, प्रशस्तिपत्रं, गणवेशातला फोटो, सगळं पिशवीत भरून नेलं होतं. अध्यक्ष भूपेंद्र चोपड्याच्या कॉलेजात शिकवतात, जरा रीतीचे आहेत.

मी सांगितलं, "वादळात जहाज धक्क्याला बांधायचं तर दोर टाकतो तो खलाशी आणि तो बरोबर पडला की नाही ते पाहतो तो बोसन. यांनी बोटी उतरवल्या आहेत, चाळीस-चाळीस माणसं बसलेल्या, रात्री, लाटांत. एक माणूस पडला नाही. आणि तुम्हाला बारा बैलगाड्यांची भीती वाटते?"

भूपेंद्रांनी फोटो हातात घेऊन पाहिला. "रीत थोरल्याची आहे, आणि थोरले दादाच आहेत. प्रश्न संपला. कौतिक, तुझं काही म्हणणं?"

कौतिक उठला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मान दादाले जोयजे का तुमले जोयजे?"

माझे कान तापले. मी म्हटलं, "जो मान त्यांचा तोच माझा. तुमच्या घरात वेगळा असेल."

हे ओट्याच्या कडेला बसले होते. घंटेच्या दोराचं टोक हातात घेऊन बोटांनी चाचपत होते. भूपेंद्रांनी विचारलं, "दादा, बांधणार ना?" तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग यांनीही हलवली.

संध्याकाळी हितेंद्रचा फोन. "आई, बाबांना एकदा जळगावला दाखवून आणू या का? मागे आलो होतो तेव्हा ते चपला घालायच्या विसरून स्टँडपर्यंत आले होते." मी म्हटलं, "मुलाला सोडायला आले होते, चपला आठवतील का?" या मुलांना प्रत्येक गोष्टीला डॉक्टर लागतो.

११ एप्रिल, शनिवार

आज दिवस छान गेला. हे अंगणात शिट्टी घासत बसले होते, तासभर, एकाच जागी. मी शेजारी चिंच फोडत बसले आणि यांना बोलतं केलं.

जहाजावर तोंडाने शिट्टी वाजवायची नाही, अपशकुन. वाजवायचा हक्क फक्त बोसनच्या शिट्टीला. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, कारण नांगर सुटला की वेटोळं माणसासकट जातं. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. वर चढताना एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी. आणि जी पाहिजे तेव्हा सोडता येत नाही ती गाठ नाही, ती चूक आहे.

सगळं तोंडपाठ. डोळे चमकत होते. पहिल्यांदा डेक धुताना पाय सरकून वरिष्ठाच्या पुढ्यात लोटांगण घातलं होतं, ती गंमत सांगितली. मी हसले. थोड्या वेळाने तीच परत सांगितली, मी परत हसले. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा चिंच आत ठेवायच्या निमित्ताने उठले. म्हाताऱ्या माणसांना आपल्या गोष्टी आवडतात.

१५ एप्रिल, बुधवार

सकाळी आंघोळीनंतर फार वेळ बाहेर येईनात म्हणून दार लोटलं. पायजम्याची नाडी हातात धरून उभे होते. मी काही न बोलता बांधून दिली. ते वर, खुंटीकडे पाहत राहिले. मग माझा हात झटकला. "तू कोण मला ऑर्डर देणारी?" मी ऑर्डर दिली नव्हती.

दुपारी ताट ढकललं. भाकरी अंगणात गेली. चाळीस वर्षांत यांनी अन्नाला असं केलं नव्हतं. याला कौतिक जबाबदार आहे. माणसाच्या जिवाला तीन-तीन आठवडे असं लावून ठेवलं की दुसरं काय होणार?

मला अगदीच काही दिसत नाही असं नाही. पण आखाजी एकदा होऊ दे. या माणसाला एकदा सगळ्यांसमोर गाड्या बांधू दे. मग पाहू.

१८ एप्रिल, शनिवार

चार वाजता बांधायला घेतल्या, आठ वाजले. आबा तासाभरात उरकत असं लोक म्हणाले. मी म्हटलं, काम चोख हवं तर वेळ लागतो. लोक कंटाळून घरी गेले. भगत जीवराम तेवढा शेवटपर्यंत बसून होता. उद्या त्यालाच ओढायच्या आहेत.

कौतिक लांब, पिंपळाच्या पाराजवळ मोटारसायकलला टेकून उभा. एकदाही जवळ आला नाही. शेवटची गाठ झाली आणि हे घामाने भिजून माझ्याकडे आले. मुलासारखं विचारलं, "झालं ना?"

मी म्हटलं, "झालं."

२० एप्रिल, सोमवार

काल लिहायला बसणं शक्यच नव्हतं. आज क्रमाने लिहिते.

काल आखाजी. पहाटे साडेपाचला मी गाड्यांना हळदकुंकू वाहायला गेले. उजाडत होतं. पहिल्या पाच गाड्या ओलांडल्या तर सहाव्या गाडीखाली कोणीतरी गुडघ्यांवर. कौतिक. आमचा दोर सोडत होता. सुरी जवळ पडलेली.

मी ओरडले. जन्मात इतकी ओरडले नव्हते. "घातकी आहे हा! गाड्यांना हात लावतोय! या, या सगळे!" लोक तांबे-चंबू घेऊन, तसेच धावत आले. मी म्हटलं, "हा आमचे दोर कापतोय. दोनशे माणसं बसणार आहेत वर. मेली असती, आणि नाव यांचं झालं असतं."

कौतिक उभा राहिला. मातीने भरलेले गुडघे. मला वाटलं आता काहीतरी खोटं सांगेल. त्याने जीवराम भगताकडे पाहिलं, जीवरामने त्याच्याकडे. मग म्हणाला, "मी कापत नव्हतू." बस, एवढंच.

"मग काय करत होतास?" भूपेंद्रांनी विचारलं.

त्याने गुडघ्यांची माती झटकली.

कोणीतरी "घातकी" म्हणालं. कोणीतरी त्याच्या खांद्याला धरून ढकललं. भूपेंद्र म्हणाले, "आज तू गाड्यांच्या आसपास दिसायचं नाहीस." तो गेला. मी हळदकुंकू वाहिलं. बाराही गाड्यांना, जिंकल्यासारखं.

दुपारी चारला हे आले. मी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता, गळ्यात साखळीला शिट्टी. गाव जमलेलं. बोसन बोट उतरवण्याआधी शेवटची पाहणी करतो, तशी यांनी सुरू केली. हात पाठीशी बांधून पहिल्या गाडीपाशी वाकले. पाहिलं. दोन बोटांनी दोर दाबला. "हं." दुसरी. "हं. हात बसलेला आहे." तिसरी, चौथी, पाचवी. "शाबास." मी आजूबाजूला पाहत होते, सगळे पाहतायत ना म्हणून.

सहाव्या गाडीपाशी थांबले.

"हे कुणी बांधलं?"

यांनी दोर धरून जरा ओढला. गाठ हातात आली. नुसती आली, जशी काही बांधलीच नव्हती. सातव्या गाडीला गेले, वाकले. तिथे फास नव्हताच, दोर आसाभोवती तीन वेळा गुंडाळून टोक आत खोचलेलं. आठवी. नववीला न वाकताच परत फिरले. असा चेहरा मी फक्त एकदा पाहिला होता, कोचीला, एक मुलगा दोराच्या वेटोळ्यात उभा राहिला होता तेव्हा.

"कोण आहे तो? ज्याने हे बांधलं त्याला आत्ता डेकवरून उतरवा. वर माणसं बसणार आहेत, माहितीय का त्याला? कोण आहे? पुढे ये!"

गर्दीत शोधत होते. एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. जीवराम भगताने मान खाली घातली. भूपेंद्रांनी तोंड उघडलं, "दादा, काल तर तुम्ही..."

आणि मला सगळं एकदम कळलं. पाच गाड्यांवर "शाबास" कोणाला मिळाली ते. बावीस तुकडे. नाडी. घर कोसळावं तसं, वरपासून.

मी मध्ये शिरले. भूपेंद्रांना पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, "नवा गडी होता. काढून टाकलंय त्याला."

हे म्हणाले, "बरं केलंस. नाव लिहून ठेव."

मी चालत नाही गेले, धावत गेले. चौसष्टाव्या वर्षी, भर उन्हात, नऊवारीत नाही तरी पाचवारीतसुद्धा धावणं कठीण. कौतिकच्या घरी आबांची पहिली घागर होती, गेलेल्या माणसासाठी आखाजीला पुजतात ती. घागरीवर खरबूज ठेवलेलं, पितराचा नैवेद्य वाढलेला, मांडे आणि आमरस. कौतिक पाटावर बसून होता. कमलबाई दारातच आडवी उभी राहिली.

"आते काय राह्यनं? सकायले मना मालकले घातकी म्हनात, आते बलावाले उनात?"

"कमल, बाजूला हो."

"नही व्हत. बठ्ठा गावनी थुंकी लागनी आमले. तुमना तोंडथीन."

बरोबर होतं तिचं. तरी मला तिचा राग आला. मी तिच्या खांद्यावरून आत पाहून म्हटलं, "भाऊजी, सात गाड्या राहिल्यात."

तो ताट तसंच ठेवून उठला. माझ्याकडे पाहिलं नाही. कमलबाई म्हणाली, "घागर शे आबानी, जेवीसन तरी..." तो म्हणाला, "आबा थांबतीन. गाड्या थांबावनार नही."

मी रस्ताभर विचार करत होते की यांना काय सांगायचं. आणि गाड्यांपाशी पोचल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मीच ऑर्डर दिली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी: "बोसन दोराला हात लावत नसतो. बोसन पाहतो. बांधायला गडी असतात. हा गडी आणलाय, तुम्ही पाहून घ्या." नेव्हीची रीत अगदी तशीच आहे असं नाही. यांनी शेवटपर्यंत गड्यांच्या बरोबरीने दोर ओढलेत. पण ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

सकाळी हाकललेला माणूस परत कसा, म्हणून लोक कुजबुजले. एकजण पचकन थुंकला. कौतिक गाडीखाली शिरला. एकेक गाठ झाली की खालूनच विचारायचा, "दादा, बराबर शे का?" हे वाकायचे, दोन बोटांनी दाबायचे. दोनदा "पुन्हा" म्हणाले. दोनदा त्याने सोडून पुन्हा बांधली. दहाव्या गाडीपाशी यांनी त्याला दोराचं मोकळं टोक दाखवून झापलं, "हे असं सोडतात? लाज वाटत नाही?" कौतिक म्हणाला, "चुकनू दादा," आणि फडक्याची चिंधी फाडून टोक गुंडाळलं.

बाराही झाल्या. माणसं चढली. जीवराम भगत कमरेला दोर बांधून पुढे उभा राहिला, भंडारा उधळला गेला. तेव्हा यांनी, कोणी सांगितलं नसताना, शिट्टी ओठांना लावली आणि कॅप्टन जहाजावर येताना वाजवतात तो लांब चढता-उतरता सूर भगतासाठी वाजवला. काही पोरं हसली. जीवराम हसला नाही. त्याने यांना वाकून नमस्कार केला आणि धावला.

गाड्या मंदिरापर्यंत गेल्या. काहीही झालं नाही. कोणी पडलं नाही. बाराही गाड्या एका ओळीत थांबल्या.

घरी येऊन हे म्हणाले, "तो गडी चांगला आहे. कुठला?"

२४ एप्रिल, शुक्रवार

कौतिककडे गेले होते. कमलबाईने बसायला सांगितलं नाही, मी उभ्यानेच बोलले. विचारलं, कधीपासून माहीत होतं?

दिवाळीपासून. गोऱ्हा यांनी बांधला होता. कौतिकने रात्रभर शोधला आणि सकाळी गावात सांगितलं की माझ्याच हातून सुटला. त्यानंतर तो रोज संध्याकाळी आमच्या गोठ्यात येऊन गाठ पाहून जायचा. मला वाटायचं शेण-चारा चोरायला येतो की काय. तसं मी कमलबाईला बोललेही होते.

मी म्हटलं, "मी गावासमोर माफी मागते. खरं काय ते सांगते."

"नही," तो म्हणाला. आवाज चांगला नव्हता. "माफीना इषय नही, वहिनी. लोके माले दोन साल घातकी म्हनतीन, मंग इसरी जातीन. दादानं नाव निघनं ते कोनी इसराव नही. तुमी एक शबद बोलनात ते मी तुमना उंबरठा चढाव नही."

"मग मला तरी आधी सांगायचं होतं."

"तुमी आयकनं असतं?"

कमलबाई आतून म्हणाली, "त्या कोनना आयकतस?"

मी निघून आले. मला अजून त्या दोघांचा राग येतो. खरं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असं मला वाटायला हवं, पण तसं लिहिता येत नाही.

२ मे, शनिवार

जळगावला जाऊन आलो. हितेंद्र धुळ्याहून गाडी घेऊन आला होता, लेक ऋतिका नाशिकहून आली. डॉक्टरांनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. यांनी गोल फार सुरेख काढला, आणि बाराही आकडे एका बाजूला लिहिले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. म्हणाले, हात आधी जातात असं नाही, कोणाचं काय आधी जाईल सांगता येत नाही. यांची नजर अजून शाबूत आहे.

परतीच्या वाटेवर एरंडोलला चहाला थांबलो. हितेंद्र टपरीमागे जाऊन रडला. मी त्याला रडू दिलं.

यांचं सगळं आता माझ्याच आठवणीवर. आणि माझा भरवसा काय? म्हणून लिहून ठेवते. हितेंद्र, ऋतिका, हे तुमच्यासाठी.

यांची चांदीची शिट्टी ऋतिकाला. हितेंद्र, तुला वाईट वाटेल, पण तू लहानपणी ती आगगाडी-आगगाडी खेळायला घेतली होतीस, ते यांनी कधी माफ केलेलं नाही.

सेवापुस्तक आणि फोटो हितेंद्रकडे. भिंतीवर लावायचे नाहीत. नातवंडांनी विचारलं तर काढून दाखवायचे.

पांढरा गणवेश कोणालाही नाही. तो यांच्याबरोबर जाईल. बटणं मी शिवून ठेवलीत.

दोर विणायचा लाकडी खिळा आणि खलाशाची सुरी कौतिकला. घेणार नाहीत. गोठ्यात खुंटीवर टांगून यायचं, बोलायचं काही नाही.

देवपूरच्या घरातली माझी इंग्रजी पुस्तकं भुसावळच्या शाळेला, त्यांना हवी असतील तर.

माझ्या पाटल्यांपैकी एक कमलबाईला. एकच. ती मला काय काय बोलली ते मी विसरलेले नाही, आणि मी तिला काय बोलले ते तीही विसरणार नाही.

गाड्या बांधायचा मान या वर्षापासून कौतिकचा. हे मी भूपेंद्रांना पत्राने कळवलं आहे, कारण एवढंच दिलंय की बोसन यापुढे फक्त पाहणी करतील.

आणि गावाला खरं द्यायचं, पण आत्ता नाही. हे गेल्यावर तेराव्याच्या दिवशी, मांडवात, सगळे जेवायला बसायच्या आधी हितेंद्रने उभं राहून मोठ्याने सांगायचं: आखाजीच्या पहाटे कौतिक पाटील गाड्यांखाली घात करत नव्हते. माझ्या वडिलांच्या हातून सुटलेलं ते बांधत होते, आणि माझ्या आईने त्यांना घातकी म्हटलं. यात "माझ्या आईने" हे शब्द गाळायचे नाहीत.

तोवर यातलं अक्षर कोणाला कळता कामा नये. कौतिकना तर मुळीच नाही, ते वहीच फाडून टाकतील.

मी यांच्या आधी गेले तर ही वही कमलबाईकडे द्यायची. तिला माझा इतका राग आहे की ती शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय राहणार नाही.